ऊर्जा साठवणूक धोरण (भारत)

वीज मुबलक असताना साठवून गरजेच्या वेळी वापरता यावी, यासाठी केंद्र व राज्य सरकारांनी केलेले नियम, दिलेल्या सवलती आणि अर्थसाहाय्य यांना मिळून ही संज्ञा वापरतात. सौर वीज दुपारी भरपूर तयार होते. मागणी मात्र सूर्य मावळल्यावर चढते. हा फरक भरून काढण्यासाठी २०३१-३२ पर्यंत सुमारे ७४ गिगावॉट (१ गिगावॉट म्हणजे १,००० मेगावॉट) साठवण क्षमता लागेल, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३ मधील अंदाज आहे.

साठवणुकीचा जुना मार्ग उदंचन जलविद्युतीचा. २५० मेगावॉटच्या घाटघर प्रकल्पाचे वरचे धरण अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर आहे, तर खालचे कड्याच्या पायथ्याशी, शहापूर तालुक्यातील चोंढे येथे. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज काढायची. अशा प्रकल्पांत चढवायला लागलेल्या विजेपैकी साधारण तीन-चतुर्थांश परत मिळते. म्हणजे वीज घेतानाचा व विकतानाचा दर यांत पुरेसे अंतर नसेल, तर व्यवहार तोट्यातच जातो. म्हणूनच या धोरणाचा कणा अनुदान नसून वेळेनुसार बदलणारा वीजदर आहे, असे म्हणावे लागते. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांतील (सौर वीज मिळते त्या दिवसाच्या तासांतील) दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि सर्वोच्च मागणीच्या तासांतील दर जास्त ठेवायचा आहे.

साठवण प्रकल्पाला निर्माता मानायचे की ग्राहक, हा प्रश्नही बराच काळ लोंबकळत होता. २०२२ च्या नियमांनी साठवणुकीला वीजयंत्रणेचा घटक म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी साठवण बंधन आले: वितरण कंपन्यांच्या एकूण विजेत साठवणुकीतून येणाऱ्या सौर-पवन विजेचा वाटा २०२३-२४ मधील १ टक्क्यावरून २०२९-३० पर्यंत ४ टक्क्यांवर न्यायचा. ग्राहकांकडून पैसे वेळेवर वसूल न होणाऱ्या वितरण कंपन्यांना असे बंधन कागदावर घालणे सोपे, पाळणे अवघड.

बॅटरी प्रकल्पांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये व्यवहार्यता तूट निधी (एरवी न परवडणाऱ्या प्रकल्पाला सरकारी मदत) मंजूर झाला: ४,००० मेगावॉट-तास (साठवता येणाऱ्या विजेचे माप) क्षमतेसाठी, भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत. पुढे बॅटऱ्या इतक्या स्वस्त झाल्या की तेवढ्याच रकमेत तिपटीहून अधिक क्षमता बसवता येईल असे दिसले. २०२५ मध्ये आणखी ३० गिगावॉट-तासांसाठी ५,४०० कोटी रुपये ठरले. आंतरराज्य पारेषण शुल्कातही, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वीज वाहून नेण्याच्या आकारातही, सूट आहे.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२३ मध्ये उदंचन प्रकल्पांसाठी स्वतंत्र धोरण आणले. घाटातील तीव्र उतार अशा प्रकल्पांना सोयीचा. पण नेमके तिथेच जंगल आणि आदिवासी पाडे आहेत, त्यामुळे जागेची निवड हाच सर्वांत नाजूक प्रश्न. बॅटरीची अडचण निराळी: देशात सेल बनवण्यासाठी २०२१ मध्ये १८,१०० कोटींची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना (उत्पादनाच्या प्रमाणात अनुदान) जाहीर झाली, तरी सेलसाठी भिस्त अजून मुख्यतः चीनवरच आहे.