उंबराचं फूल बघायचंय? मग कच्चं उंबर फोडा

उंबराला मध्यरात्री फूल येतं आणि ज्याला ते दिसलं त्याचं नशीब उघडतं, हा मेसेज परत फिरायला लागलाय. नरसोबाची वाडी जवळ, त्यामुळं आपल्या कोल्हापुराकडं औदुंबराला मान मोठा, तो असूच दे, पण फुलासाठी रात्र जागवायची काही गरज नाही. सीपीआर रुग्णालयासमोर टाऊन हॉलची बाग आहे. त्या बागेत फिरा नाहीतर पंचगंगेच्या घाटावर जा, उंबर दिसला की कच्चं फळ घेऊन मधोमध चिरा. आत दाटीवाटीनं शेकडो बारीक फुलं दिसतील. ज्याला आपण फळ म्हणतो ती फुलं आत वळवलेली बंद पिशवीच आहे!

आता बंद पिशवीत परागीभवन कसं होणार? इथं येते सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स नावाची जेमतेम दोन मिलिमीटरची वास्प, म्हणजे गांधीलमाशीची लांबची नातेवाईक. मादी वासावरनं झाड शोधते आणि फळाच्या तोंडाशी असलेल्या खवल्यांतनं आत घुसते, ती वाट इतकी अरुंद की पंख तिथंच तुटतात. आत गेल्यावर ती छातीवरच्या खिशांतनं आणलेले पराग फुलांना लावते आणि फुलांतच अंडीही घालते, पण ज्या फुलांचा कुक्षीवृंत, म्हणजे पराग घेणाऱ्या टोकाखालची दांडी, लांब असतो तिथं तिची अंडी घालायची नळी बीजांडापर्यंत पोचतच नाही, तिथं बी धरतं, आणि आखूड कुक्षीवृंताच्या फुलांत पिल्लं वाढतात. मग बिनपंखी नर आधी आपापल्या फुलांतनं बाहेर पडतात, अजून फुलांतच असलेल्या माद्यांशी मिलन करतात, भिंत पोखरून माद्यांना वाट करून देतात आणि मरतात. तोवर आतली नरफुलं पिकलेली असतात, माद्या खिसे भरून उडतात. पिकलं उंबर फोडल्यावर दिसणारे किडे बहुतेक हेच, ते आपोआप तयार होत नाहीत.

खरी अडचण पुढंच आहे. एका झाडावरची उंबरं साधारण एकदमच तयार होतात, म्हणून उडालेल्या मादीला दुसरं झाड लागतं, तेही नेमकं कच्च्या, आत शिरता येईल अशा फळांचं, आणि तिचं आयुष्य असतं फार तर एक-दोन दिवस. वाऱ्यानं ती लांबपर्यंत जाते हे खरं, पण वाटेत उंबरच नसतील तर काय उपयोग? म्हणून बागेतलं जुनं झाड जपलं की काम झालं असं नाही, रस्ता रुंद करताना जो कडेचा उंबर आपण सहज तोडतो तोसुद्धा याच साखळीत असतो.