'विनंती केल्यास उपलब्ध' : आरोग्य संशोधनातल्या डेटासेटच्या निवडीची पार्श्वभूमी

आरोग्य संशोधक कोणता डेटासेट निवडतो, हे बरंचसं कोणता डेटा हाती लागतो यावर ठरतं. एकाने जमवलेला डेटा इतरांना खुला कसा करायचा, हा प्रश्न जनुकशास्त्रात लवकर सुटला. 1996 मध्ये बर्म्युडातल्या बैठकीत मानवी जीनोमचे, म्हणजे माणसाच्या संपूर्ण जनुकीय माहितीचे, क्रम 24 तासांत खुले करायचं ठरलं. रुग्णांच्या नोंदींना संमती आणि गोपनीयता आडवी येते, त्यामुळे तिथे घोडं अडलं ते अडलंच.

वाद पेटला 2016 मध्ये. जानेवारीत एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकीयात, दुसऱ्यांच्या डेटावर जगणारे संशोधक म्हणजे 'परजीवी' ही भीती छापून आली. मार्चमध्ये डेटा सापडावा, मिळवता यावा, इतर डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा, ही चार तत्त्वं प्रसिद्ध झाली. मग जुलै 2018 पासून प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांनी चिकित्सा-चाचण्यांच्या लेखांत, डेटा इतरांना देणार की नाही हे सांगणारं निवेदन सक्तीचं केलं. सक्ती निवेदनाची, डेटा देण्याची नव्हे. माझ्या मते खरी चूक इथेच झाली. 'वाजवी विनंती केल्यास उपलब्ध' हे वाक्य आधीपासून रुळलेलं होतंच, आता ते लिहिलं की नियम पाळल्यासारखं झालं. विनंती वाजवी कोणी ठरवायची, किती दिवसांत उत्तर द्यायचं, लेखक संस्था सोडून गेला तर काय, यातलं काहीच त्यात नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, असं आश्वासन देणाऱ्या 1,792 लेखांच्या लेखकांकडे डेटा मागितला गेला. 93 टक्क्यांनी उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला.

मग संशोधक ओळखीच्या वाटेनं जातो. वाचलेल्या लेखात कोणता डेटासेट वापरलाय, मार्गदर्शकाला कोणता माहीत आहे, कोणाचं कोडबुक (डेटातल्या प्रत्येक नोंदीचा अर्थ सांगणारी यादी) नीट आहे, यावर निवड ठरते. ब्रिटनमधला पाच लाख स्वयंसेवकांच्या आरोग्य-माहितीचा मोठा संग्रह 2012 मध्ये संशोधकांना खुला झाला आणि जगभर वापरला गेला. पण बोलावलेल्यांपैकी जेमतेम साडेपाच टक्के लोक त्यात आले, आणि ते सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा निरोगी होते. एखादा आजार किती लोकांना आहे हे त्यावरून काढता येत नाही, तरी हाताशी तोच असतो.

2020 मध्ये कोविडच्या साथीत यात घाईचीही भर पडली. छातीच्या एक्स-रेवरून कोविड ओळखणाऱ्या कित्येक संगणकीय मॉडेलांना शिकवताना वापरलेली कोविडची चित्रं प्रौढांची होती. कोविड नसलेली, तुलनेची चित्रं मात्र सहज डाउनलोड होणाऱ्या एका डेटासेटमधली, एक ते पाच वर्षांच्या मुलांची. मूळ वर्णनात मुलांचं वय स्पष्ट दिलेलं होतं. मॉडेलला आजार ओळखायची गरजच उरली नव्हती, छाती मोठ्या माणसाची की लहान मुलाची एवढं कळलं तरी पुरत होतं.