ब्युरोची मावशी आणि हॉस्पिसची टीम: घरी नेमकं कोण येतंय?

डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर सांगतात, "आता घरीच ठेवा, होम केअर लावून घ्या." बिल भरून होईपर्यंत मुलाने फोनवर शोधलेलंही असतं. ठाणे किंवा नवी मुंबई एवढं टाकलं की नंबरांची रांग लागते. सगळ्या जाहिरातींत हसरी नर्स, व्हीलचेअरवरचे आजोबा आणि 'चोवीस तास सेवा'. यातले बहुतेक नंबर ब्युरोचे असतात. ब्युरो तुमच्याकडे माणूस पाठवतो: मावशी, वॉर्डबॉय किंवा सिस्टर. हॉस्पिस म्हणजेच शेवटच्या टप्प्यातली पॅलिएटिव्ह सेवा रुग्णाच्या त्रासाची जबाबदारी घेते. तिच्यात डॉक्टर असतो, नर्स असते, समुपदेशक असतो आणि औषधांची साखळी असते. मी ठाण्यात अशा घरांमध्ये स्वयंसेवक म्हणून जाते. ब्युरो लावला की हॉस्पिस लागलं असं समजून निर्धास्त झालेली कुटुंबं मला वारंवार भेटतात. त्यांचा घोटाळा लक्षात येतो तो वेदनेच्या पहिल्या रात्री, आणि त्या रात्री नवं काही उभं करणं फार अवघड असतं.

पहिल्यांदा ब्युरोबद्दल, कारण ती गरज खरी आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पुसणं, डायपर बदलणं, कुशीवर वळवणं, चमच्याने पाणी पाजणं ही कामं दिवसातून अनेकदा करावी लागतात आणि घरातली एकटी बाई त्यात मोडून पडते. चांगली मावशी मिळाली तर घर वाचतं. मात्र ब्युरो हा बहुधा गुमास्ता परवान्यावर चालणारा व्यवसाय असतो. तो माणसं पुरवतो, कमिशन घेतो, आणि आजार कसा हाताळायचा हे ठरवणं त्याचं काम नसतं. म्हणून ब्युरोला विचारायचे प्रश्न साधे असतात. बारा तास की चोवीस? मावशी अचानक गावी गेली तर बदली किती वेळात? पोलीस पडताळणी झाली आहे का? तुम्ही 'सिस्टर' म्हणून जास्त पैसे घेत असाल तर तिचा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय? हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. संकोचू नका. पांढरा कोट कोणीही घालतं. इंजेक्शन देणं, नाकातली नळी किंवा लघवीची नळी बदलणं ही नोंदणी असलेल्या नर्सची कामं आहेत आणि तीही डॉक्टरच्या लेखी सूचनेवर करायची असतात.

मावशीच्या कामाचा दर्जा शरीरावर दिसतो. आठवड्यातून दोनदा तरी स्वतः पांघरूण बाजूला करून बघा: माकडहाड, टाचा, नितंबाचं हाड, ऑक्सिजनची नळी अडकवलेल्या कानांमागची त्वचा. लालसर चट्टा बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल तर बेडसोरची सुरुवात झाली आहे. एअर मॅट्रेस असली तरी दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, मॅट्रेस ते काम करत नाही. वर सरकवताना ती काखेत हात घालून ओढते की खालच्या आडव्या चादरीने दोघी मिळून उचलतात, हेही बघा. ओढण्याने म्हाताऱ्या माणसाची कातडी सोलते. आणि तोंड. जिभेवर पांढरा थर आहे का, ओठ फुटलेत का? तोंड स्वच्छ असेल तर ती मावशी बाकीचंही नीट करत असणार, असं मी आता खात्रीने म्हणते.

पण हीच उत्तम मावशी रात्री दोन वाजता कळवळणाऱ्या माणसासाठी काहीही करू शकत नाही. तिच्याकडे औषध नाही, ते द्यायचा अधिकार नाही, आणि फोन कोणाला करायचा हेही तिला माहीत नसतं. इथून पुढे दुसऱ्या सेवेचं काम सुरू होतं.

पॅलिएटिव्ह आणि हॉस्पिस या दोन्हींतला फरक थोडक्यात सांगते. आजाराचं निदान झाल्यापासून, उपचार चालू असतानाही, त्रास कमी करण्याची जी सेवा मिळते ती पॅलिएटिव्ह. आजार बरा करण्याचे उपचार थांबले की तिचाच पुढचा टप्पा म्हणजे हॉस्पिस. हे फक्त कॅन्सरसाठी नसतं. हृदय निकामी होत जाणं, फुप्फुसाचा जुनाट आजार, किडनी, डिमेन्शिया, सगळ्यांना लागू पडतं. अमेरिकेतल्या मुलाने किंवा भाचीने तिकडची माहिती वाचून पाठवलेली असते आणि त्या माहितीमुळे आणखी गोंधळ होतो. तिकडच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यात हॉस्पिस मिळायला आयुष्य सहा महिने किंवा कमी उरलं असल्याचं डॉक्टरांनी प्रमाणित करावं लागतं, आणि हॉस्पिस संस्थांची तुलना करायला सरकारी संकेतस्थळ आहे. आपल्याकडे सहा महिन्यांची अशी अट नाही आणि तसं संकेतस्थळही नाही. पाच तारे दिलेल्या प्रतिक्रिया वाचून 'माणसं प्रेमळ आहेत' इतकंच कळतं. प्रेमळपणा हवाच, पण दुखणं थांबलं का?

म्हणून माझा पहिला प्रश्न मॉर्फीनचा, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या अफूपासून बनणाऱ्या औषधाचा. ज्या सेवेकडे मॉर्फीन मिळण्याची सोय नाही, तिला मी हॉस्पिस म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांची पायरी-पायरीने वाढणारी पद्धत १९८६ मध्येच मांडली, आणि तीव्र वेदनेच्या पायरीवर मॉर्फीन आहे. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते मिळणं इतकं किचकट झालं होतं की अनेक रुग्णालयांनी ठेवणंच बंद केलं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, देशभर एकच नियम आले, आणि प्रशिक्षित डॉक्टर व साठ्याची नोंद असलेल्या मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवता येऊ लागलं. ही दुरुस्ती व्हावी म्हणून केरळातले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं झगडली. तरीही नाक्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही. तेव्हा सरळ विचारा: तुमची संस्था मान्यताप्राप्त आहे का, मॉर्फीनच्या गोळ्या कुठून मिळणार, आणि संपायच्या किती दिवस आधी तुम्हाला सांगायचं?

उत्तर ऐकताना पुढचेही तपशील कानावर पडले पाहिजेत. साधी मॉर्फीनची गोळी दर चार तासांनी द्यायची असते, दुखल्यावर नाही, घड्याळ बघून. मध्येच कळ आली तर जादा डोस किती, हे कागदावर लिहिलेलं असावं. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं, कारण मॉर्फीनने बद्धकोष्ठता होतेच, आणि कोंडलेल्या पोटाचा त्रास वेदनेइतकाच वाईट. हे न सांगता कोणी गोळ्या हातात देऊन गेलं, तर त्या टीमला काम येत नाही, मग तिचं नाव कितीही मोठं असो.

चांगली टीम कशी ओळखावी, याचं एक उदाहरण सांगते. कोपरखैरण्यातल्या एका घरी काकांना जबड्याचा कॅन्सर होता. नर्स आली, खुर्ची ओढून पलंगाशेजारी बसली, आणि आधी त्यांनाच विचारलं, "शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही, आत्ता कितीवर आहे?" त्यांनी आठ बोटं दाखवली. मग तिने गोळ्यांची पाकिटं मागितली आणि मोजली. "काकू, नऊ गोळ्या जास्त उरल्यात." काकू रडायलाच लागल्या. मॉर्फीन म्हणजे शेवट, असं शेजारणीने सांगितलं होतं, म्हणून काकू रोज रात्रीचा डोस चुकवत होत्या आणि पाकीट देवघराच्या कप्प्यात ठेवत होत्या. नर्स रागावली नाही. योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फीनने मरण लवकर येत नाही, वेदनेसाठी घेणाऱ्याला त्याचं व्यसनही सहसा लागत नाही, हे तिने काकूंना आणि काकांना एकत्र बसवून सांगितलं. मग जखमेकडे वळली. वासामुळे नातवंडं खोलीत येत नव्हती. तिने मेट्रोनिडॅझोलची गोळी बारीक कुटून जखमेवर कशी भुरभुरायची हे मावशीच्या हातून करून घेतलं. काही दिवसांत वास पुष्कळ कमी झाला आणि नातू पलंगावर बसून क्रिकेट बघू लागला. संध्याकाळी तिचा फोन आला: "आता कितीवर आहे?" वेदना मोजणं, औषध बदलणं आणि पुन्हा मोजणं, हे चक्र जिथे फिरतं तिथे दर्जा आहे.

दुसरी कसोटी रात्रीच्या फोनची. करार करण्याआधी एकदा रात्री साडेदहानंतर त्यांच्या नंबरवर फोन करून बघा. उचलणारा माणूस रुग्णाची फाइल उघडू शकतो का, की सकाळी करा म्हणतो? 'रात्री दोनला त्रास वाढला तर काय' या प्रश्नावर 'ॲम्ब्युलन्स बोलवा, ॲडमिट करा' एवढंच उत्तर आलं तर ती सेवा शेवटी तुम्हाला आयसीयूच्या दारातच नेऊन सोडणार. घोडबंदर रोडची वाहतूक बघता मुंबईतल्या परळहून कोणी ठाण्याच्या कासारवडवलीला अर्ध्या तासात पोहोचेल, अशी अपेक्षाही धरू नका. जाणती टीम म्हणूनच घरात एक डबा आधीच ठेवते: वेदना, उलटी, धाप, अस्वस्थपणा आणि घशातली घरघर यांसाठीची औषधं, प्रत्येकावर मराठीत चिठ्ठी. गिळता येईनासं झालं की कातडीखाली बारीक सुई बसवून तिच्यातून औषध द्यायला घरच्यांना शिकवते. नवी मुंबईत असाल तर भागही स्पष्ट विचारा. 'नवी मुंबईत येतो' म्हणणारे कित्येकदा वाशी-नेरूळपर्यंतच येतात. खारघर, उलवे, तळोजा म्हटलं की आठवड्याची भेट पंधरवड्यावर जाते.

शेवटच्या दिवसांत काय होणार हे टीम आधी सांगते का, हेही बघा. जेवण कमी होतं, झोप वाढते, हातपाय गार पडतात, श्वासात खंड पडतो. आपल्या घरांत न जेवणारा माणूस बघवत नाही, आणि मग कोणीतरी मऊ भात भरवायला जातं, तो श्वासनलिकेत जातो. शरीर बंद होत चाललं म्हणून भूक गेली आहे, उपासमार होत नाही, हे शांतपणे समजावणारं माणूस त्या वेळी सलाइनच्या बाटलीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. रुग्ण बोलू शकतोय तोवर त्याची इच्छा विचारून ठेवणंही टीमचं काम आहे: आयसीयू हवं की घर, व्हेंटिलेटर हवा की नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे असतात.

घरी ठेवणं जमतच नसेल, एका खोलीत सहा माणसं असतील किंवा सांभाळायला कोणीच नसेल, तर दाखल करून घेणारं हॉस्पिस लागतं. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं, देशातलं ते पहिलं हॉस्पिस. पुढे गेलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना तिथे मोफत ठेवतात. कॅन्सरचे उपचार टाटा मेमोरियलला किंवा टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात झाले असतील तर पहिला फोन टाटाच्याच पॅलिएटिव्ह विभागाला करा, कारण तुमची फाइल त्यांच्याकडे आहे. वृद्धाश्रमांनी अलीकडे 'पॅलिएटिव्ह वॉर्ड' असे बोर्ड लावलेत, तिथेही मॉर्फीनचा आणि रात्रीच्या डॉक्टरचा प्रश्न तसाच विचारा.

मृत्यूच्या दाखल्याचाही विचार आधी करा, कारण यात घरं सर्वांत जास्त हैराण होतात. घरी मृत्यू झाला तर मृत्यूचं कारण शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहून द्यावं लागतं. घरच्या मृत्यूसाठी ४-अ क्रमांकाचा नमुना असतो. ते नसेल तर ठाण्यात जवाहरबागेच्या स्मशानभूमीत अडवतात, आणि ज्याने रुग्णाला कधी पाहिलंच नाही तो फॅमिली डॉक्टर पहाटे सही करायला तयार होत नाही, त्याचं बरोबरच आहे. ब्युरोकडे यावर उत्तर नसतं. पॅलिएटिव्ह टीमला पहिल्याच भेटीत विचारा: दाखला कोण देणार, रात्री कोण येणार? महापालिकेकडे मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, तीही कोण बघणार ते घरात ठरवून ठेवा.

पैशांबद्दल एवढंच की ब्युरो रोजाने घेतो आणि अनामत मागतो, तर धर्मादाय पॅलिएटिव्ह संस्था अनेकदा काहीच घेत नाहीत. त्यामुळे 'फुकट आहे म्हणजे कमी दर्जाचं असेल' हा समज या क्षेत्रात अगदी उलटा ठरू शकतो. मेडिक्लेमच्या भरवशावर मात्र राहू नका. घरच्या सेवेचा खर्च तुमच्या पॉलिसीत बसतो का, ते कंपनीकडून लेखी घ्या.

बहुतेक घरांना दोन्ही लागतात, आणि क्रम आधी टीम, मग मावशी असा ठेवावा. टीमची पहिली भेट झाली की कुठल्या दर्जाची मदत लागेल हे नर्सच सांगते. कित्येकदा चोवीस तासांची महागडी सिस्टर लागतच नाही, बारा तासांची मावशी पुरते. त्या मावशीला टीमच्या नर्सकडून शिकवून घ्या: कूस, तोंड, ड्रेसिंग, औषधांचा तक्ता भरणं. तक्ता फ्रिजवर चिकटवा, आणि रात्रीचा नंबर त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. मावशी बदलली की नव्या मावशीसमोर नर्सची एक भेट मागून घ्या. चांगली टीम या विनंतीला नाही म्हणत नाही.