ग्रामीण रस्त्यांच्या व्यवस्थापनाचा स्तर (पुणे जिल्हा)

गावाचा रस्ता कोणी बांधायचा, कोणी सांभाळायचा आणि तो खचला तर जाब कोणाला विचारायचा, हे ठरवणे हा स्थानिक कारभारातला जुना प्रश्न आहे. केंद्र, राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत या सर्वांचा ग्रामीण रस्त्यांशी काही ना काही संबंध येतो. शेतरस्त्यांच्या बाबतीत महसूल खातेही त्यात असते. पुणे जिल्ह्यात हा प्रश्न फार ठळकपणे दिसतो. पश्चिमेला मावळ, मुळशी, राजगड (पूर्वीचा वेल्हे) आणि भोर या तालुक्यांत पावसाने रस्ते वाहून जातात. पूर्वेला शिरूर, दौंड, बारामती, इंदापुरात गाळप हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या तेच रस्ते दाबून टाकतात. मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही शहरे दरवर्षी थोडी थोडी शिवारात सरकत आहेत. या तिन्ही ठिकाणी रस्त्याचा मालक कागदावर एकच असला, तरी त्याच्या गरजा एक नाहीत.

कागदावरचे उत्तर सोपे आहे. रस्त्यांची राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही उतरंड १९४३ च्या नागपूर आराखड्यातून आली. महाराष्ट्रात राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. बांधकाम खात्याच्या पत्रव्यवहारात आणि निविदांत त्यांची रूपे 'प्रजिमा', 'इजिमा' आणि 'ग्रामा' अशी येतात. पुढे रस्त्याचा क्रमांक आणि 'कि.मी. ०/००० ते २/५००' अशी साखळी, म्हणजे रस्त्याचा कुठून कुठपर्यंतचा भाग ते, लिहिलेली असते. गावकऱ्याने अर्ज करताना हा क्रमांक आणि ही साखळी लिहिली नाही, तर अर्ज टेबलांवरून फिरत राहण्याचीच शक्यता जास्त. म्हणून सरपंचाने आपल्या गावच्या रस्त्यांचे क्रमांक पाठ ठेवलेले बरे.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे आहेत आणि इतर रस्ते राज्यसूचीत येतात. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिच्यामुळे आलेल्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत रस्ते, मोऱ्या आणि पूल यांचा समावेश आहे. मात्र कोणते अधिकार प्रत्यक्षात पंचायतींना द्यायचे, हे ठरवण्याची मुभा कलम २४३-छ ने राज्याच्या विधिमंडळालाच दिली. त्यामुळे वेगवेगळ्या राज्यांनी वेगवेगळी वाट धरली. केरळात रस्त्यांच्या जाळ्याचा मोठा भाग ग्रामपंचायतींच्या मालकीचा आहे. हिमाचल प्रदेशात गावांना जोडणारे रस्तेही मुख्यतः बांधकाम खातेच बांधते.

महाराष्ट्राने आपली निवड घटनादुरुस्तीच्या तीस वर्षे आधीच केली होती. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात १८६९ च्या लोकल फंड कायद्याने जमीन महसुलावर स्थानिक उपकर बसला आणि त्यातून गावरस्ते, धर्मशाळा, विहिरी यांची कामे होऊ लागली. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे आली. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने विकासगट, म्हणजे साधारण तालुका, हा पंचायतराज्याचा कणा मानला. वसंतराव नाईक समितीने मात्र महाराष्ट्रासाठी जिल्ह्याला बळ देण्याची शिफारस केली. १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम त्यातूनच आला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्ह्याला कौल देण्यामागे व्यवहार होता. पगारी अभियंता, रोड रोलर, साहित्य तपासणी आणि निविदा काढण्याची यंत्रणा हा भार तालुक्याला पेलणारा नव्हता, आणि मुंबईहून गावरस्ता सांभाळणे शक्य नव्हते. रस्त्यांपुरती ही निवड आजही बरोबर वाटते.

इतर देशांनीही साधारण असाच प्रवास केला. इंग्लंडमध्ये १५५५ च्या कायद्याने रस्ते पॅरिशकडे, म्हणजे गावाकडे होते आणि गावकऱ्यांनी त्यांवर वेठ करायची होती. १९२९ च्या कायद्याने ग्रामीण रस्ते कौंटी परिषदांकडे गेले. अमेरिकेत मिशिगन राज्याने १९३१ साली टाउनशिपचे रस्ते टप्प्याटप्प्याने कौंटीकडे दिले. व्हर्जिनिया त्याहून पुढे गेले आणि १९३२ साली तिथे कौंटीचे रस्तेही राज्याने घेतले. मोटार आली, वजन वाढले, डांबर आले आणि प्रत्येक ठिकाणी गावाच्या हातून रस्ता निसटून वरच्या स्तराकडे गेला. तो किती वर जावा, याचे उत्तर मात्र प्रत्येकाने आपापल्या परीने दिले.

पुण्यात मालकीपेक्षा पैशाचा गुंता मोठा आहे. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांची दुरुस्ती लेखाशीर्ष ३०५४, म्हणजे अर्थसंकल्पातल्या त्या क्रमांकाच्या खर्चखात्यामधून होते आणि नवे काम ५०५४ मधून. हा निधी बराचसा जिल्हा नियोजन समितीतून येतो, आणि त्या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. गावांतर्गत रस्त्यांसाठी ग्रामविकास विभागाचे '२५१५' हे लेखाशीर्ष असते. ग्रामीण महाराष्ट्रात हा आकडा योजनेच्या नावासारखाच बोलला जातो. खासदार आणि आमदार निधी वेगळा. पंधराव्या वित्त आयोगाचे अनुदान राज्याने ग्रामपंचायतींना ८० टक्के, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० टक्के असे वाटले. त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेला होता. मुद्रांक शुल्कावरील अधिभाराचा वाटा ही पुणे जिल्हा परिषदेची जमेची बाजू आहे, कारण हवेली आणि मुळशीत जमिनींचे आणि सदनिकांचे व्यवहार सतत चालू असतात.

त्यात केंद्राची योजना आली. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. सपाट भागात ५०० आणि डोंगरी व आदिवासी भागात २५० लोकसंख्येच्या वस्त्यांना बारमाही रस्त्याने जोडणे हे तिचे उद्दिष्ट होते. सुरुवातीला सगळा खर्च केंद्राचा होता. २०१५-१६ पासून केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा झाला. राज्यात हे काम महाराष्ट्र ग्रामीण रस्ते विकास संस्था पाहते. २०१५ मध्ये राज्याने स्वतःची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आणली. या योजनांनी रस्त्यांचा दर्जा सुधारला, यात शंका नाही. ठेकेदारावर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी टाकणे आणि बाहेरच्या निरीक्षकांकडून तपासणी करून घेणे या दोन गोष्टी जिल्ह्याच्या नेहमीच्या कामांतही यायला हव्या होत्या. अडचण सहाव्या वर्षी सुरू होते. देखभालीची मुदत संपली की रस्ता जिल्हा परिषदेच्या खात्यात उरतो, पण तो सांभाळण्याचा पैसा त्याच्याबरोबर येत नाही. बांधणारा एक, पैसा देणारा दुसरा आणि सांभाळणारा तिसरा, असे झाले की खड्ड्याला धनी उरत नाही.

या नोंदीतला मुख्य मुद्दा हाच आहे. कोणता स्तर वरचा आणि कोणता खालचा, यावर वाद घालण्यापेक्षा रस्त्याची मालकी, पैसा आणि अभियंता हे तिन्ही एका ठिकाणी आणणे जास्त महत्त्वाचे आहे. रस्ता दुसऱ्या स्तराकडे वर्ग करायचा, तर निधी आणि मनुष्यबळही वर्ग झाले पाहिजे.

त्याचबरोबर एकाच रस्त्याची सगळी कामे एकाच स्तराने करण्याचीही गरज नसते. मुळशीतल्या एखाद्या ग्रामीण मार्गावरची नळकांड्यांची मोरी घ्या. उन्हाळ्यात तिच्या तोंडाशी पालापाचोळा, प्लास्टिक आणि दरडीची माती साठते. मे महिन्यात दोन माणसांनी घमेली-फावडे घेऊन अर्धा दिवस काम केले, तर ती मोकळी होते. नाही केले, तर जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी मोरीतून न जाता रस्त्यावरून वाहते. आधी साइडपट्टीचा मुरूम जातो, मग डांबराची कड तुटते, आणि गणपतीपर्यंत एका बाजूने अर्धा रस्ता गेलेला असतो. आता काम घमेल्याचे राहत नाही; अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश अशी पायरी चढावी लागते. तालुक्याच्या ठिकाणी बसणाऱ्या शाखा अभियंत्याकडे अनेक गावांचे रस्ते असतात. प्रत्येक मोरीवर त्याची नजर पोचणार नाही. गावाला ती रोज दिसते, पण मोरी गावाच्या ताब्यात नसते. मोऱ्या, चर, झाडोरा आणि साइडपट्ट्या यांची पावसाळ्यापूर्वीची साफसफाई ठरावीक वार्षिक रक्कम देऊन ग्रामपंचायतीकडे सोपवावी. डांबर, पूल आणि रुंदीकरण जिल्हा परिषदेकडेच ठेवावे. गावाजवळ रोलर नसतो आणि तो असण्याची गरजही नाही.

उलट दिशेचा प्रश्न वजनाचा आहे. ग्रामीण मार्गाची डांबरी रुंदी बहुधा ३.७५ मीटर किंवा त्याहून कमी असते आणि त्याचा पाया हलक्या वाहतुकीसाठी धरलेला असतो. कारखाना सुरू झाला की त्याच रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर महिनोन्महिने धावतात. ऊस पन्नास गावांचा, कारखाना एका ठिकाणी आणि रस्ता मधल्या गावांचा! अशा रस्त्याचा खर्च मधल्या ग्रामपंचायतींवर टाकणे अन्यायाचे आहे. वापर गावाच्या शिवेबाहेर जातो, तेव्हा जबाबदारीही शिवेबाहेर जायला हवी. गावांच्या मागणीवरून अशा रस्त्यांची 'दर्जोन्नती' होते. जिल्हा परिषदेचा ठराव होतो, शासन निर्णय निघतो आणि इतर जिल्हा मार्गाचा प्रमुख जिल्हा मार्ग होऊन तो सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जातो. दर्जोन्नती झाल्यावर लगेच निधी मिळतोच असे नाही. मधल्या काळात रस्ता जुन्या मालकाने सोडलेला आणि नव्याने पुरता न स्वीकारलेला, अशा अवस्थेत राहतो.

शहराच्या कडेला रस्त्याचे स्वरूप त्याच्या वर्गापेक्षा फार लवकर बदलते. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली. तोवर जिल्हा परिषदेचा असलेला गावरस्ता एका अधिसूचनेने शहरी रस्ता झाला. पण त्याची रुंदी, गटार आणि पदपथ गावचेच राहिले. त्यापूर्वी मार्च २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले होते. विकास आराखड्यातले मोठे रस्ते त्याच्याकडे, तर गावातले रस्ते आहेत तसेच ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेकडे राहिले. हिंजवडी हे याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. आयटी पार्कच्या आतले रस्ते औद्योगिक विकास महामंडळाचे, भोवतालचे रस्ते प्राधिकरण, बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदेत विभागलेले, आणि हिंजवडी, माण ही गावे ग्रामपंचायतींची. पावसाचे पाणी मात्र ही हद्द मानत नाही; एका यंत्रणेच्या रस्त्यावरून ते दुसरीच्या रस्त्यावर उतरते. अशा पट्ट्यात गावपातळीवरचे उत्तर अपुरे पडते आणि महानगर पातळीवरच्या एकाच मालकाची गरज भासते.

पुलांच्या बाबतीत स्तर चुकण्याची किंमत फार मोठी असते. मावळातल्या कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी, रविवारी, पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचे माहीत होते आणि नव्या पुलासाठी निधीही मंजूर झाला होता. पुलाची तपासणी हे विशेष तंत्राचे काम आहे. लोखंड किती गंजले आणि पायाखालची माती किती वाहून गेली, हे ग्रामपंचायतीच्या ठरावाने कळत नाही. म्हणून पूल कोणत्याही वर्गाच्या रस्त्यावर असो, त्याची नियतकालिक तपासणी राज्याच्या एका यंत्रणेकडे असावी आणि तो वापरासाठी बंद करण्याचा अधिकारही तिलाच असावा.

निवडून आलेल्या माणसाला जाब विचारता येतो, हा स्थानिक मालकीचा सर्वात मोठा फायदा मानला जातो. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात रस्त्याची तक्रार घेऊन जायला गटाचा, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाचा, सदस्य नव्हता. लोक आमदारांकडे जात आणि रस्त्यांची कामेही त्याच वाटेने मंजूर होत. जिल्हा परिषद योग्य स्तर आहे असे म्हणायचे, तर तिच्या निवडणुका वेळेवर व्हायलाच हव्यात.

उतरंडीच्या तळाशी पाणंद (शेतांकडे जाणारी वाट), शिवरस्ते आणि गाडीवाटा आहेत. गावनकाशावर गाडीरस्ता तुटक दुहेरी रेषेने आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखवलेली असते. प्रत्यक्षात ती रेषा पुष्कळदा नांगराखाली गेलेली असते. इथे प्रश्न डांबराचा नसून वहिवाटीचा आहे, आणि म्हणून अधिकार तहसीलदाराकडे आहे: मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडवलेला रस्ता मोकळा करण्याचा आणि जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून नवी वाट देण्याचा. २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजनेत हीच कामे रोजगार हमीतून घेण्याची सोय झाली. मोजणी भूमी अभिलेख खात्याची, आदेश तहसीलदाराचा, मजुरी रोजगार हमीची आणि काम ग्रामपंचायतीचे, अशी त्या योजनेतली विभागणी. दोन भावकीतला बांधाचा वाद ग्रामसभेत मिटला, तर ती नीट चालते. वाद मिटला नाही, तर पाणंद मोकळी होण्याची वाट तहसील कार्यालयातूनच जाते.