गुडघा किंवा खुबा बदलताना: ऑपरेशनआधीची तयारी आणि नंतरचे तीन महिने

सांधा बदलायचे ठरले की घरात सगळी चर्चा ऑपरेशनच्या दिवसाची होते. ते साधारण एक-दोन तासांत आटोपते. नवा सांधा किती वाकेल आणि किती ताकदीने चालवेल, हे मात्र पुढच्या तीन महिन्यांतल्या व्यायामावर बरेच अवलंबून असते. आम्ही रुग्णाच्या घरी जाऊन फिजिओथेरपी देतो, म्हणून या पत्रकात त्या काळाविषयीच जास्त लिहिले आहे.

गुडघा बदलताना अख्खा सांधा काढून टाकत नाहीत. हाडांच्या टोकांवरची झिजलेली कूर्चा (हाडावरचा गुळगुळीत थर) आणि तिच्याखालचा हाडाचा पातळ थर काढून तिथे धातूचे आवरण बसवतात आणि मध्ये पॉलिथिलीनची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) चकती ठेवतात. खुब्यात नवा गोळा आणि नवी वाटी बसते. भोवतीचे स्नायू तुमचेच राहतात, आणि वर्षानुवर्षांच्या दुखण्याने ते आधीच अशक्त झालेले असतात.

ऑपरेशनआधी

मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आताच सुरू करा. किडलेला दात, लघवीत जळजळ किंवा पायावरची जखम लपवू नका, कारण तिथले जंतू रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. तंबाखू आणि सिगारेट बंद. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सर्जनना सांगा, पण स्वतःच्या मनाने थांबवू नका. घरातली सरकणारी पायपुसणी आणि वाटेतल्या वायरी उचलून ठेवा.

घरी आल्यावर

बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. घरी आल्यावर गुडघ्याच्या रुग्णांकडून हमखास होणारी चूक म्हणजे गुडघ्याखाली उशी घेऊन झोपणे. बरे वाटते, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पुढे सरळ करणे फार जड जाते. उशी घ्यायचीच तर टाचेखाली घ्या.

दुखण्याच्या भीतीने व्यायाम टाळणारे रुग्ण आम्हाला नेहमी भेटतात. त्यांची भीती आम्हाला समजते. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी ठरल्या वेळी घ्या आणि तिचा असर असताना व्यायाम करा. व्यायाम एका दमात उरकण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा केलेला बरा. व्यायामानंतर कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावा. जागे असताना घोटे वर-खाली हलवत राहा, त्याने पोटरीतला रक्तप्रवाह चालू राहतो.

जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. काठी विरुद्ध बाजूच्या हातात. खुबा बदललेल्यांनी सर्जन परवानगी देईपर्यंत पायावर पाय टाकू नये आणि बुटक्या खुर्चीवर बसू नये. सांधा निखळण्याचा धोका असतो. ऑपरेशन खुब्याच्या पुढून केले की मागून, त्यानुसार हे नियम थोडे बदलतात, तेव्हा सर्जनचा शब्द अंतिम.

सूज आणि ऊब काही महिने राहते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा जाणवतो, चालताना कधी 'टक' असा आवाजही येतो. एवढ्याने घाबरू नका.

लगेच डॉक्टरांना कळवा

जखमेतून पाणी किंवा पू येणे, ताप, वाढत जाणारी लाली, पोटरीत नवी दुखरी सूज. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर आमची वाट पाहू नका, थेट इस्पितळ गाठा. रात्र असली तरी.

आमच्या पहिल्या भेटीला डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची यादी आणि हात असलेली एक भक्कम खुर्ची तयार ठेवा. घरातले जे कोणी रोज सोबत असणार, तेही त्या वेळी हजर असावेत. आधार कसा द्यायचा, हे त्यांनाही शिकवतो.