कॅटफिशची गुणसूत्रं तुटतात कुठे? पुनरावृत्त डीएनएच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

गोड्या पाण्यातल्या कॅटफिशच्या गुणसूत्रांवरचा अलीकडचा कुठलाही शोधनिबंध उघडा, त्यात सॅटेलाइट डीएनए (एकामागे एक पुन्हा पुन्हा येणारा छोटा क्रम), ट्रान्सपोझॉन (जागा बदलणारा डीएनए), ५एस आरडीएनए (रायबोसोमचा एक घटक घडवणारी जनुकं) हे शब्द भेटतातच. पन्नास वर्षांपूर्वी याच माशांचे अभ्यासक मुख्यतः गुणसूत्रं मोजत होते आणि त्यांचे आकार टिपून ठेवत होते. पुनरावृत्त डीएनए, म्हणजे अक्षरांचा तोच क्रम अनेकदा येणारा डीएनए, तेव्हा त्यांच्या विषयातच नव्हता.

मोजणीतूनच एक कोडं पुढे आलं. सिल्युरिफॉर्मिस या गणात कॅटफिशच्या चार हजारांहून जास्त प्रजाती आहेत आणि त्यातल्या पुष्कळांची द्विगुणित संख्या, म्हणजे शरीरातल्या एका पेशीतली एकूण गुणसूत्रं, ५६ च्या आसपास आहे. मूळ संख्याही तेवढीच असावी, असं मानलं जातं. पण दक्षिण अमेरिकेतल्या लोरिकॅरिडी या चिलखती कुळात ही संख्या पस्तिशीच्या खालपासून नव्वदीच्या पुढपर्यंत जाते. कोरिडोरास आणि त्याच्या जवळच्या माशांत ती ४० ते १३४ आहे. एकाच कुळात एवढी उलथापालथ होते तरी कशी?

उत्तराचे धागे माशांपासून फार दूर सापडले. १९६१ मध्ये सॉल किट यांनी उंदराचा डीएनए सिझियम क्लोराइडच्या द्रावणात अतिवेगाने फिरवला, तेव्हा मुख्य पट्ट्याच्या बाजूला एक छोटा वेगळा पट्टा दिसला. सॅटेलाइट हे नाव त्यावरून आलं. १९६८ मध्ये रॉय ब्रिटन आणि डेव्हिड कोन यांनी डीएनएच्या दोन साखळ्या उष्णतेने सुट्या करून त्या परत किती वेगाने जुळतात ते मोजलं. उंदराचा सुमारे १० टक्के डीएनए चटकन जुळला, कारण त्यात एकच छोटा क्रम सुमारे दहा लाख वेळा आलेला होता. मेरी लू पारड्यू आणि जोसेफ गॉल यांनी १९७० मध्ये हा क्रम काचपट्टीवरच्या गुणसूत्रांवर शोधला आणि तो सेंट्रोमिअरपाशी, म्हणजे गुणसूत्राच्या आवळलेल्या भागापाशी, दाटलेला सापडला.

इतका डीएनए कशासाठी, याचं समाधानकारक उत्तर तेव्हा कुणाकडे नव्हतं. सुसुमु ओहनो यांनी १९७२ मध्ये अशा निरुपयोगी वाटणाऱ्या डीएनएला ‘जंक’ म्हटलं आणि तो शब्द चिकटला. १९८० मध्ये ‘स्वार्थी डीएनए’ची मांडणी आली: हा डीएनए स्वतःच्या प्रती वाढवत राहतो, धन्याला त्याचा उपयोग असो वा नसो. ही मांडणी मला अजूनही मोलाची वाटते. ‘जंक’ शब्दाने मात्र नुकसान केलं. कामाचं नाही म्हटल्यावर ‘याचा परिणाम काय होतो’ हा प्रश्नही मागे पडला.

खरं तर परिणाम आधीच दिसलेला होता. बार्बरा मॅक्लिंटॉक यांना १९४० च्या दशकात मक्याचं एक गुणसूत्र पुन्हा पुन्हा एकाच जागी तुटताना आढळलं. त्या जागेवरच्या घटकाला त्यांनी डिसोसिएशन हे नाव दिलं, आणि पुढे लक्षात आलं की तो घटक जागा बदलतो. अशा घटकांनाच आज ट्रान्सपोझॉन म्हणतात. उड्या मारणाऱ्या जनुकांची गोष्ट सांगताना हा भाग बहुतेक वेळा गळतो, म्हणून मुद्दाम सांगतो: त्या शोधाची सुरुवात गुणसूत्र तुटण्यापासून झाली होती. मॅक्लिंटॉक यांना नोबेल मिळालं १९८३ मध्ये.

कॅटफिशच्या गुणसूत्रांवरचं सर्वाधिक काम ब्राझीलमध्ये झालं. साओ कार्लोस आणि बोतुकातू इथल्या विद्यापीठांत १९७० च्या दशकापासून माशांच्या गुणसूत्रांचा अभ्यास रुजला, पुढे पाराना राज्यातल्या प्रयोगशाळाही त्यात आल्या. पद्धत आजही बरीचशी तीच आहे. जिवंत माशाला कोल्चिसिन टोचतात, त्यामुळे विभाजनाला निघालेल्या पेशी ऐन मध्यावर अडकतात. मग मूत्रपिंडाचा पुढचा भाग काढून त्यातल्या पेशी पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात फुगवतात, मिथेनॉल आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात स्थिर करतात आणि काचपट्टीवर थेंब सोडतात. पेशी पसरते, गुणसूत्रं सुटी होतात. साध्या गिम्सा रंगात ती सगळी सारखीच जांभळी दिसतात. काचपट्टीवर आधी बेरियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया केली, तर पुनरावृत्त डीएनएने गच्च भरलेले भाग तेवढे गडद उरतात. याला सी-बँडिंग म्हणतात. जवळच्या प्रजातींतही हे गडद पट्टे वेगवेगळ्या जागी येतात, हे या पद्धतीने दाखवलं.

१९९० च्या दशकात फ्लुरोसंट प्रोब, म्हणजे ठरावीक क्रमाला चिकटून चमकणारे डीएनएचे तुकडे, आले आणि ठरावीक क्रम नेमका कुठे बसलाय ते दिसू लागलं. रायबोसोमल जनुकांचे क्रम प्रजातींमध्ये फारसे बदलत नाहीत, त्यामुळे लेपोरिनस माशाचा ५एस आणि प्रोकिलोडसचा १८एस प्रोब कॅटफिशवरही चालला. एका माशावर तयार झालेलं साधन शेकडो प्रजातींना पुरलं.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण लोरिकॅरिडी कुळातल्या रिनेलोरिकारियाचं. या प्रजातीसमूहातल्या रि. लॅटिरोस्ट्रिसमध्येच वेगवेगळ्या नद्यांत ३६ ते ४८ गुणसूत्रं मोजली गेली आहेत. रि. लिमाच्या एका वस्तीत ६६ ते ७० अशी संख्या माशागणिक बदलते. दोन एकभुजी (सेंट्रोमिअर टोकाशी असलेली) गुणसूत्रं सेंट्रोमिअरपाशी जुळून एक दुभुजी होतं, याला रॉबर्टसोनियन जोड म्हणतात. संख्या एकाने घटते, भुजा तेवढ्याच राहतात. अशा जोडाच्या ठिकाणी, म्हणजे गुणसूत्राच्या मधोमध, टेलोमिअरचे क्रम सापडले. टेलोमिअरची जागा टोकाला, म्हणजे तिथे कधीतरी टोक होतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात याच जागी ५एस आरडीएनए आणि त्याला लागून एचएटी नावाच्या प्रकारातल्या ट्रान्सपोझॉनचा अंश मिळाला. तीन प्रकारचे पुनरावृत्त क्रम, एकाच सांध्यावर.

यंत्रणा समजण्यासारखी आहे. ट्रान्सपोझॉन जागा बदलताना डीएनए कापतो. एकसारखे क्रम अनेक गुणसूत्रांवर असले, की दुरुस्तीच्या वेळी चुकीची टोकं एकमेकांना जोडली जाऊ शकतात. मात्र इथे सावध राहायला हवं. सांध्यावर पुनरावृत्त क्रम आहेत एवढ्यावरून सांधा त्यांच्यामुळेच झाला, असं सिद्ध होत नाही. सेंट्रोमिअरजवळ जनुकांची अदलाबदल कमी होते, त्यामुळे असे क्रम तिथे नंतरही साचू शकतात. प्रोबचा ठिपका जागा दाखवतो, आधी काय आणि नंतर काय हे सांगत नाही.

लिंग गुणसूत्रांतही हेच प्रश्न येतात. हार्टिया कार्व्हाल्होई या कॅटफिशच्या मादीत ५२ आणि नरात ५३ गुणसूत्रं आहेत, कारण नरात एका एक्सच्या जोडीला दोन वाय असतात. कोरिडोरासच्या गटाची वाट वेगळी. त्यात संपूर्ण जनुकसंच दुप्पट झाला आणि ट्रान्सपोझॉनही फोफावले, हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं. त्यांच्यातल्या डीएनएचं प्रमाण प्रजातींमध्ये जवळपास आठ पटींनी बदलतं. आशिया-आफ्रिकेतल्या क्लॅरियस वंशात भारतीय मांगूरची ५०, क्लॅरियस मॅक्रोसेफॅलसची ५४ आणि आफ्रिकन गॅरिएपिनसची ५६ गुणसूत्रं आहेत. भारतीय मांगूर पूर्वी क्लॅरियस बॅट्रॅकस या नावाखाली मोडायचा, त्यामुळे जुने आकडे वाचताना मासा कुठला होता हे आधी पाहावं लागतं.

२०१६ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या चॅनल कॅटफिशचा जीनोम, म्हणजे सगळ्या डीएनएचा अक्षरवार नकाशा, प्रसिद्ध झाला. तेव्हा सर्रास वापरात असलेल्या यंत्रांवर मात्र एका वेळी शे-दीडशे अक्षरंच वाचली जात. या माशाच्या सेंट्रोमिअरमधला एक्सबीए हा सॅटेलाइट क्रम सुमारे ३२५ अक्षरांचा आहे आणि तो एकामागे एक असा असंख्य वेळा येतो. एवढ्या छोट्या तुकड्यांतून अशी रांग जुळवता येत नाही, ती आकसून जाते किंवा तिथे पोकळी राहते. गुणसूत्रं जिथे तुटतात-जुळतात असं वाटतं, नेमक्या त्याच जागा जीनोमच्या नकाशात कोऱ्या राहिल्या. आता हजारो अक्षरं सलग वाचणारी यंत्रं आली आहेत. रिनेलोरिकारियासारख्या माशात जुळलेलं गुणसूत्र आणि त्याच वस्तीतली न जुळलेली जोडी अक्षरागणिक शेजारी ठेवून वाचली, तर ट्रान्सपोझॉन तुटण्याआधी तिथे होता की नंतर आला, हे ठरवता येईल.