श्वसनविकाराचा विमा दावा: निदानाचा कोड आणि कागदपत्रे

दम लागणे हे लक्षण आहे आणि आरोग्य विम्याचा दावा तपासला जातो तो आजाराच्या निदानावर, त्यामुळे श्वासाच्या त्रासाने दाखल झालेल्या रुग्णाच्या कागदांवर नेमके काय लिहिले आहे, हे घरच्यांनी डिस्चार्जपूर्वीच वाचून घ्यावे.

पॉलिसी चालू असणे, साधारणपणे किमान २४ तास रुग्णालयात दाखल असणे आणि प्रतीक्षा कालावधी (पॉलिसी घेतल्यानंतर ठरावीक आजारांचे दावे मिळत नाहीत तो काळ) संपलेला असणे, या पात्रतेच्या मूळ अटी होत. पूर्वीपासूनच्या आजारांसाठी हा कालावधी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असतो.

दावा अर्जाचा भाग ‘अ’ विमाधारकाने आणि भाग ‘ब’ रुग्णालयाने भरायचा असतो. भाग ‘ब’मध्ये आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक वर्गीकरणातील कोड लिहितात. दाखल करताना निदान झालेले नसते, म्हणून तेव्हा ‘आर ०६.०’, म्हणजे नुसती धाप, असा कोड पडणे स्वाभाविक आहे. मात्र तपासण्यांनंतर दमा (जे ४५), सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणारा फुफ्फुसांचा दीर्घकालीन आजार (जे ४४), किंवा न्यूमोनिया (जे १८) असे निदान ठरले, की डिस्चार्ज कार्डावर आणि भाग ‘ब’मध्ये तेच यायला हवे. एकावर न्यूमोनिया आणि दुसऱ्यावर धाप असे राहिले, तर खुलासा मागणारे पत्र येते आणि आजारातून नुकत्याच उठलेल्या माणसाला पुन्हा रुग्णालयाच्या खेपा घालाव्या लागतात.

याहून नाजूक बाब पूर्वेतिहासाची. रात्री अपघात विभागात घाबरलेला मुलगा ‘बाबांना दम जुनाच आहे’ असे बोलून जातो आणि केस पेपरवर ‘नोन केस ऑफ अस्थमा’, म्हणजे आधीपासून दमा असलेला रुग्ण, अशी नोंद होते, कालावधीविना. त्यावरून आजार पॉलिसीपूर्वीचा समजला जाऊन दावा अडू शकतो. खरा आजार लपवू नये, तो पॉलिसी घेतानाच कळवावा. पण नोंद चुकीची असेल, तर डॉक्टरांकडून सहीनिशी दुरुस्ती आणि कालावधीचा दाखला तेव्हाच घ्यावा.

अर्जासोबत डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पावत्या, चिठ्ठीसह औषधांची बिले, एक्स-रे, स्पायरोमेट्री (फुफ्फुसांच्या क्षमतेची तपासणी) किंवा रक्तवायू तपासणीचे अहवाल, ओळखपत्र आणि रद्द केलेला धनादेश जोडावा. कॅशलेसच्या, म्हणजे कंपनीने थेट रुग्णालयाला पैसे देण्याच्या, अर्जावर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यावा, असे विमा नियामकाने २०२४ मध्ये ठरवून दिले आहे.

दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते न पटल्यास विमा लोकपालांकडे दाद मागावी. त्यांची कार्यालये मुंबई आणि पुण्यात आहेत आणि तेथे शुल्क लागत नाही.